ओटीतलं पोर

लाँचचा पहिला भोंगा झाला तेव्हा मी येसाबाईंच्या दारात उभी होते. कडेवर केतकी, दुसऱ्या हातात ताट, ताटात तांदूळ, नारळ, हिरवा खण आणि कुंकवाचा करंडा. खांद्याला शाळेची पिशवी. तिच्यातून छडीसारखी लांब पट्टी बाहेर आलेली, आणि केतकी तिचं टोक तोंडात घालायला बघत होती.

"वैनी, आत तरी या," येसाबाई म्हणाल्या.

"आत यायला वेळ नाही हो, लाँच सुटेल. तुम्ही बसा बघू इथेच. पदर पुढे घ्या."

त्या दाराच्या आतच, सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदर पसरला. मी ताट खाली ठेवून त्यांना कुंकू लावलं. मग नारळ उचलायला वाकले, तर केतकी कडेवरून घसरायला लागली. ओटी भरायला दोन हात लागतात हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. तिसऱ्याला लाँच सुटते, कुणासाठी थांबत नाही.

मी सुचलं ते केलं. केतकीला त्यांच्या पसरलेल्या पदरात ठेवलं, तिच्या पायाशी नारळ आणि खण टेकवला, आणि ओंजळभर तांदूळ घेऊन त्या सगळ्यावर ओतले. थोडे केतकीच्या जावळात अडकून बसले.

येसाबाईंचा चेहरा एकदम बदलला. "वैनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये काय केलंसा?"

"सासूबाईंनी सांगितलंय. पहिल्या दिवशी ओटी भरायची आणि मगच बाळ सोपवायचं."

"मनापासून केलंसा न्हवं?"

"अगदी मनापासून," मी म्हटलं. माझे डोळे खाली पाण्याकडे होते. "संध्याकाळी येतेच मी."

त्यांनी पदराची दोन्ही टोकं उचलून केतकीभोवती घेतली आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. पुढचं मी पाहिलं नाही. लाँच मात्र मिळाली.

आम्ही तेव्हा धरणाच्या वसाहतीत राहत होतो. धरण बांधून होऊन बरीच वर्षं झाली होती, कामगार निघून गेले होते, आणि उरलेल्या घरांत आम्ही थोडी माणसं लांब लांब विखुरलेली होतो. मजुरांच्या चाळींची दारं-खिडक्या कुणी कुणी काढून नेली होती. त्यातली शेवटची एक खोली येसाबाई आणि त्यांच्या नवऱ्याने, रावजींनी, डागडुजी करून घेतली होती. रावजी धक्क्यावर लाँचचा दोर सोडायचं आणि बांधायचं काम करायचे. माधव, माझा नवरा, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. रोज पाणी किती उतरलं ते बघायचं आणि वर कळवायचं, हे त्याचं काम.

हिवाळ्यात तिथे उन्हं चढेपर्यंत खिडकीबाहेर काहीच नसायचं. पाणी नाही, डोंगर नाही, समोरचं घरसुद्धा नाही. मग धुकं उठायला लागे आणि एकेक वस्तू परत येई. आधी सिल्व्हर ओकचे शेंडे, मग कौलं, मग पाण्यावर उभी असलेली लाँच. सगळं अजून जागच्या जागी आहे, याचं मला दर सकाळी थोडं आश्चर्यच वाटायचं.

केतकी झाल्यापासून मी स्वतःही तशाच धुक्यात होते. माझ्याकडून काही कमी पडत नव्हतं. दूध पाजत होते, टाळू भरत होते, लंगोट उन्हात घालत होते. पण कुणी ओळखीच्या बाईंनी स्वतःचं मूल आपल्याकडे ठेवून बाजारात जावं आणि आपण ते जपून सांभाळावं, तसं ते चाललं होतं. त्या बाई कधी परत येतात, याची मी वाट बघत होते. हे बोलायची सोय नव्हती. आई मी लहान असतानाच गेली होती आणि मी वसतिगृहात वाढले होते. माधवला एकदा भीत भीत म्हटलं, "मला ती माझी वाटतच नाही रे."

"माझ्यावर गेलीय ना, म्हणून," तो म्हणाला आणि खूश होऊन तिच्या नाकाला नाक घासायला गेला.

पाण्यापलीकडच्या गावात हायस्कूल होतं. तिथले विज्ञानाचे सर ऑपरेशनसाठी लांबच्या रजेवर गेले, दहावीची परीक्षा तोंडावर आली, आणि हेडमास्तरांनी माधवला विचारलं, वहिनी बी.एस्सी. आहेत ना, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत दुपारचे तास घेतील का? माधव मला ते सांगत होता आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. त्याला वाटलं, बायकोला शिकवायची केवढी हौस! मला फक्त रोज दुपारी त्या पाण्यापलीकडे जायचं होतं.

सासूबाई येऊन राहिल्या असत्या, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. चैत्राच्या आधी त्या हलू शकत नव्हत्या. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती, आणि तीही दुपारपुरती, कुणी बाई बघायची होती. वसाहतीत हे ऐकून सगळ्यांनाच नवल वाटलं. पोर सांभाळायला बाई लागते, आणि तीही अर्ध्या दिवसाची, हे तिथे कुणी ऐकलं नव्हतं.

मुकादमाची बायको तानूबाई लगेच तयार झाली. तिची स्वतःची पाच. "द्या की हिकडं, पाचात सहावं! कळायचंबी न्हाई," ती म्हणाली. मला नेमकी तीच भीती वाटली. पोस्टमास्तरांच्या बायकोने आनंदाने सांभाळते म्हणून सांगितलं, फक्त बाळाने दुपारी झोपायला हवं, कारण त्या स्वतः दुपारी झोपतात. केतकी दुपारी झोपत नव्हती. ते जुळलं नाही.

येसाबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालायच्या. एका सकाळी त्या किटली घेऊन आल्या तेव्हा मी खिडकीशी उभी होते. बाहेर काही दिसत नव्हतं, तरी बघत होते. त्यांनी किटली ठेवली, आत गेल्या, केतकीला उचलून बाहेर आल्या.

"वैनी, पोर रडून रडून लालबुंद झालीया."

"हो का?" मी म्हटलं. मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे, मग खिडकीकडे बघितलं. केतकी त्यांच्या खांद्यावर हुंदके देत देत शांत झाली. "दुपारची मी बघते हिला," त्या म्हणाल्या. "तुमी जावा शाळंला. बाकीचं मागनं बोलू."

असं ते ठरलं. त्यांची चार मुलं मोठी होऊन मुंबईला गेली होती. हात रिकामे होते, घर रिकामं होतं, आणि उंबऱ्यावर बसलं की सगळं पाणी दिसायचं.

त्या दुपारी अजूनही मला स्वप्नात असल्यासारख्या आठवतात. लाँच निघाली की इंजिनाचा एकसुरी आवाज, पाण्यावर वितळल्यासारखे डोंगर, फळ्यांच्या बाकावर डुलक्या घेणारी बाजारची माणसं. कुणाच्या टोपलीत कोंबडी, कुणाच्या मांडीवर देवाचा टाक. मध्यावर गेलं की दोन्ही काठ सारखेच लांब दिसायचे आणि आपण नक्की कुठून निघालो होतो, हे क्षणभर आठवायचं नाही. मला तो क्षण फार आवडायचा. पलीकडे पोरं वाट बघत असायची. त्यांना मी परावर्तनाचे नियम शिकवले, बेडकाचं हृदय शिकवलं. फळ्यावर आकृती काढताना माझा हात झरझर चालायचा. मी पुन्हा एक हुशार, मोकळी मुलगी झाले होते.

संध्याकाळी लाँच लागली की रावजी दोर बांधता बांधता सांगायचे, "धोंडीनं आज लई दंगा घातला."

"कोण धोंडी?"

"आवं, आमची धोंडी! तुमची किटकी न्हवं का?"

केतकी हे नाव मी आणि माधवने पंधरा दिवस भांडून ठरवलं होतं. येसाबाईंनी त्याची सरळ धोंडी करून टाकली. मी एकदा हसत हसत म्हटलं, "अहो, काय हे नाव! दगडधोंड्यासारखं."

"म्हणूनच," येसाबाई म्हणाल्या. "दगडाला कुनाची दिष्ट लागती व्हय?"

त्यांच्याकडे केतकीने चांगलं बाळसं धरलं. तिच्या मनगटात काळा दोरा आला, पायात वाळे आले. काही दिवसांनी येसाबाई सकाळीच येऊन तिला न्हाऊ घालायला लागल्या, आणि न्हाणीतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. संध्याकाळी पोर माझ्याकडे देताना त्या बजावायच्या, "रातीला पांघरूण घाला नीट. उद्या लवकर आणून सोडा." जणू मीच तिला त्यांच्याकडून रात्रीपुरती मागून नेत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सगळं किती छान मार्गी लागलंय, असंच वाटायचं.

उन्हं तापायला लागली तसं पाणी उतरू लागलं. लाँचचा धक्का म्हणजे दोन फळ्या आणि चार ड्रम. तो दर आठवड्याला खाली खाली सरकवायचे. चाळीपासून काठापर्यंतचा उतार लांबत चालला. आधी गवत, मग भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ. माधव घरी आला की पाणी किती उतरलं ते सांगायचा, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एका संध्याकाळी मी केतकीला आणायला गेले तर येसाबाईंच्या खोलीत खिरीचा वास दरवळत होता. पटका बांधलेला एक म्हातारा पाटावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर नवं झबलं घालून, काजळ-तीट लावून केतकी बसली होती. तिच्या हनुवटीवर खीर ओघळली होती.

"उष्टावण केलं," येसाबाई अगदी फुलून म्हणाल्या. "मामाच्या मांडीवर. माजा थोरला भाऊ हा. डोंगरावरनं चालत आला बगा."

"तिला मामा नाही," मी म्हटलं. मला भाऊ नव्हता, एवढंच मला म्हणायचं होतं.

"हाय की! ह्यो काय बसलाय." तो म्हातारा बोळकं उघडून हसला आणि त्याने केतकीला आणखी एक बोट चाटवलं.

मला राग यायला हवा होता. आपल्या लेकीचा पहिला घास आपल्या पाठीमागे कुणी भरवला, तर कुठल्या आईला राग येणार नाही? मला वाटलं, चला, एक काम हातावेगळं झालं.

माधवला मात्र ते लागलं. "उष्टावण? आपल्याला न विचारता?" तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. "आई किती दिवस म्हणतेय की ती आल्यावर करू, चांदीच्या वाटीत. आणि तू बघत उभी राहिलीस?"

तानूबाई कुंपणापलीकडे चिंचा वाळत घालत होती. तिने मान वर केली. "साहेब, त्येंचं काय चुकलं? तुमच्या मालकिणीनंच पोर ओटीत घातली की त्यांच्या. समद्या वसाहतीला ठावं हाय."

"ओटीत घातली म्हणजे?"

"म्हंजी दिली. आमच्यात जिची पोरं जगत न्हाईत ती बाई काय करती? पोर झालं की दुसरीच्या पदरात घालती, नारळ-तांदळासकट. मग ते पोर त्या दुसरीचं. नाव ती ठेवणार, उष्टावण तिचा भाऊ करणार. सटवीला वाटतं, हिचं न्हवंच हे. आन् सख्खी आई मग निस्ती दाई. दूध पाजायचं, रातीला निजवायचं."

माधव आधी मोठ्याने हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "विभा, तू असं काही केलंस?"

"हात मोकळा नव्हता," मी म्हटलं. "सासूबाई म्हणाल्या होत्या, ओटी भर आणि बाळ सोपव."

"अगं, आधी ओटी भरायची आणि नंतर बाळ! एकाच पदरात, एकदम?" माधवने कपाळावर हात मारला. ओटी कशी भरायची हे कुणी शिकवत नाही, मुली आईच्या मागे मागे करत शिकतात. मी कुणाच्या मागे मागे फिरणार होते?

"मग परत कसं घेतात?" त्याने तानूबाईला विचारलं.

"पायलीभर तांदूळ द्यून मागायचं. आईनं मागायचं, दुसऱ्या कुनी न्हाई." ती पुन्हा चिंचांकडे वळली. "आन् द्यायचं का न्हाई, ते जिच्या ओटीत हाय तिनं ठरवायचं."

"हे बघ," माधव मला घरात नेऊन म्हणाला, "असले प्रकार कायद्यात बसत नाहीत, ते सोड. पण गावात राहायचंय आपल्याला, आणि आईच्या कानावर हे गेलं तर ती माझं डोकं खाईल. ती यायच्या आत निस्तर म्हणजे झालं."

शाळेचा शेवटचा दिवस आला. सासूबाई दुसऱ्या दिवशीच्या एसटीने येणार होत्या. मुलांनी मला निरोप म्हणून बोरं आणि एक फुलदाणी दिली. लाँचमधून परत येताना दोन्ही काठ सारखेच लांब झाले तो क्षण आला आणि गेला, आणि उद्यापासून तो यायचा नाही, एवढंच मला वाईट वाटलं. घरी जाऊन मी तांदळाची पिशवी घेतली आणि येसाबाईंकडे गेले.

त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. केतकी त्यांच्या पुढ्यात पालथी पडून जमीन खरवडत होती. रावजी आत चुलीशी होते.

"येसाबाई, माझं चुकलं बघा," मी सुरुवात केली. पाठ करूनच आले होते. "तुमच्याकडची रीत मला माहीत नव्हती. घाईघाईत झालं ते."

"घाईत झालं, ते मला तवाच कळलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इचारलं, मनापासून का? तुमी व्हय म्हणालासा."

"मला ठाऊक नव्हतं ना पण!"

"तोंडाला नसंल ठाऊक. हातांना हुतं. पोर माज्या पदरात ठिवलीसा आन् तुमी लाँचकडं बघितलंसा. मोकळ्या झाल्यासा जणू."

मी तांदळाची पिशवी पुढे केली. "आता परत द्या मला तिला."

"का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "सासूबाई उद्या येणार आहेत," मी म्हटलं.

"येऊ द्यात. त्यांस्नी मी सांगीन."

"यांनी सांगितलंय."

"त्यांस्नीबी सांगीन."

"लोक काय म्हणतील, येसाबाई?"

"लोकांस्नी म्हाईतच हाय समदं." त्यांनी केतकीला उचलून मांडीवर घेतलं. तिने लगेच त्यांच्या गळ्यातली पोत मुठीत पकडली. "ते ऱ्हाऊ द्या. तुमाला पायजे का ही?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणणं काही अवघड नव्हतं, मी दिवसभर कुणाकुणाला हो म्हणत असे. पण त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी तोंड मिटून घेतलं.

"मला चार झाली, वैनी," त्या म्हणाल्या. "चारी आपसूक झाली, वाढली, ममईला गेली. मला कुनी काय इचारून दिली न्हाईत. ही एकटीच मला कुनीतरी आणून दिली, नारळ-तांदळासकट. मी न्हाई द्येत. तुमाला नको हुती ती. मला दिसत हुतं रोज."

आतून रावजींनी भांडं वाजवलं. येसाबाईंनी तांदळाची पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली, अगदी हळू, आदळली नाही. "जावा घरला. रातीला ह्यांच्यासंगट धाडून द्येते, रोजच्यासारखी निजवा, पाजा. फकस्त मागू नका."

मी निघाले. घराकडे जायचं तर माझे पाय सवयीने काठाकडे वळले. उन्हं कलली होती. उतारावरचा गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, त्या पायाखाली करकरत होत्या. लाँच पलीकडे गेली होती. पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर वर की खाली, ते डोळ्यांना ठरवता येईना. मी धक्क्याच्या फळीवर बसले आणि मनाशी हिशेब मांडायला लागले. काय बिघडलं होतं? रात्री ती येणार होती. सकाळी येसाबाई नेणार होत्या. सासूबाई चार दिवस चिडतील, माधव दोन दिवस बोलणार नाही. मला कित्येक महिने जे हवं होतं, तेच तर मिळालं होतं. बाजारात गेलेल्या बाई सापडल्या होत्या. मूल त्यांच्याकडे होतं.

मी सुटल्यासारखं वाटायची वाट बघत बसले.

मग कसं कोण जाणे, मला तिचा डावा कान आठवला. त्याच्या पाळीवर तांदळाएवढा खळगा आहे. ती उजेडाकडे बघून दोनदा शिंकते, एकदा कधीच नाही. झोप आली की मधली दोन बोटं चोखते, अंगठा नाही. हे मी कधी शिकले होते? मला कुणी सांगितलं नव्हतं. येसाबाईंना हे ठाऊक असेल का, असं मनात आलं, आणि त्यांना ते सगळं नक्कीच ठाऊक असणार हेही लगेच लक्षात आलं.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, असणं शक्य नव्हतं. पहाटे धुकं असायचं तेव्हा केतकी माझ्या आधी जागी व्हायची. रडायची नाही. खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलत पडायची, मध्येच थांबायची, मान वळवून माझ्याकडे बघायची, आणि मी झोपलेली दिसले की पुन्हा बोलायला लागायची. मी बऱ्याचदा जागी असायची, पण डोळे मिटून घ्यायची. तीही कुणाची तरी वाट बघत होती. एवढ्या एवढ्याशा पोरीने किती धीराने वाट बघितली होती! आणि ज्या बाईंची ती वाट बघत होती, त्या तिच्या शेजारीच डोळे मिटून पडल्या होत्या.

छातीत एकदम कळ आली. ब्लाउज ओला झाला, पदर ओला झाला. आजवर दूध यायचं ते रडणं ऐकून किंवा वेळ झाली म्हणून. त्या दिवशी आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं आणि दूध नुसतं वाहत होतं. मी उठले. चप्पल गाळाच्या खपल्यांत अडकली ती तिथेच टाकली आणि चढ चढायला लागले. तो उतार तेव्हा केवढा लांब झाला होता!

येसाबाई तिथेच होत्या. केतकी त्यांच्या पदरात झोपेला आली होती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, मला दम लागला होता. मी माझा ओला पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"द्या."

"काय द्यू?"

"माझी मुलगी."

"कुनाची?"

"माझी. माझी आहे ती, येसाबाई. मला हवी आहे." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तुम्ही नाही म्हणालात तरी मी मागणार. उद्या मागीन, परवा मागीन. इथून उठणार नाही मी. माझी पोर मला द्या."

माझ्या आवाजाने केतकीने डोळे उघडले. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही. बघत राहिली.

"मला न्हाई वो द्यायची," येसाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. "मला न्हाई द्यायची."

"येसे," रावजी आतून म्हणाले, "दे."

"तुमी गप ऱ्हावा!"

बाहेर ठेवलेल्या पिशवीवर एक कोंबडी चढून तांदूळ टिपत होती. तिला हाकलायचं कुणाला सुचलं नाही. येसाबाईंनी केतकीच्या टाळूला नाक लावलं आणि वास घेतला, लांबलचक, एकाच दमात सगळा भरून घ्यावा तसा. मग त्या पुढे सरकल्या आणि त्यांनी आपल्या पदरातून ती माझ्या पदरात घातली. कापडाला असा काही हिसका बसला की माझी बोटं आवळली. आठ-नऊ महिने मी तिला उचलत होते. ती एवढी जड आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी तिथेच तिला पाजायला घ्यायला हवं होतं. निदान त्यांचा हात धरायला हवा होता. येसाबाईंचा पदर अजून तसाच पुढे पसरलेला होता, आवरून घ्यायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. त्यांच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला पुढे मला पुष्कळ वर्षं मिळाली. त्या संध्याकाळी मी तो पसरलेला पदर बघितला, पोर छातीशी घट्ट धरली, आणि त्यांनी परत मागितली तर, या भीतीने अनवाणी पळत सुटले.